हशा उचलणारा

“आजोबा, हे काय आहे?”

“अडकित्ता.”

“आत नेता येणार नाही. धारेची वस्तू आहे.”

“बाई, या अडकित्त्यानं मी जन्मभर सुपारी कातरली. आणि एकदाच, फक्त एकदाच, एका मामलेदाराची मिशी. तीही त्यांच्या संमतीनं.”

फाटकावरच्या त्या खाकीतल्या बाईनं वर पाहिलंसुद्धा नाही. “मिशीचं नंतर सांगा. मागं रांग खोळंबलीय. टोपलीत टाका आणि पुढं व्हा.”

टाकला. पुढं झालो. मग दुसऱ्या एका मुलीनं माझ्या मनगटाला हिरवा कागदी पट्टा चिकटवला, दवाखान्यात नुकत्या जन्मलेल्या पोराला बांधतात तसा, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी असा नव्यानं जन्मून आत शिरलो.

शिरलो आणि जागीच थांबलो. आमच्या मिरजेतली सगळी थिएटरं एकात एक घालून इथं ठेवली असती तरी कोपऱ्यात रसवंतीगृहाला जागा उरली असती. पुण्याबाहेर हायवेला लागून बांधलेलं बंदिस्त स्टेडियम. एरवी इथं कुस्त्या, बॅडमिंटन असलं काही चालतं म्हणे. त्या रविवारी दुपारी चार वाजता एका माणसानं उभं राहून बोलायचं होतं आणि सहा हजार माणसांनी बसून हसायचं होतं. ज्याच्या नावावर तिकिटं खपली त्याचं नाव मी सांगत नाही. मला ते आठवत नाही, आणि त्यालाही माझं आठवत नसणार. मी आलो होतो त्याच्या आधी वीस मिनिटं बोलणाऱ्या मुलीसाठी. कुंदा तिवरेकर. माझ्या वामनची मुलगी.

आता मी कोण? मिरजेत कुणालाही विचारा, “माधू चिपरीकर कोण हो?” तर “तो थापाड्या ना?” असंच उत्तर मिळेल. तक्रार नाही. पण थापा हा माझा छंद. धंदा वेगळा होता. आमची फिरती नाटक कंपनी होती. जत्रेजत्रेला तंबू ठोकायचा आणि विनोदी नाटकं लावायची. कागदोपत्री मी कपडेपट सांभाळायचो. पडदा वर गेला की मात्र मळका सदरा घालून प्रेक्षकांत जाऊन बसायचो, चौथ्या रांगेत, आणि हसायचो. त्याला आम्ही हशा उचलणं म्हणत असू. लोकांना हसायचं असतंच हो, पण पहिलं कोण हसणार? पंगतीत पानं वाढून झाली, भूक लागलीय, तरी पहिला घास घ्यायला कुणी धजत नाही, तसं. एकानं घेतला की शंभर हात पानात पडतात. तो पहिला घास माझा.

आणि वाढपी वामन. वामन रोज एकच काम करायचा. दारुडा व्हायचा आणि पडायचा. पण पडण्याआधी तो थांबायचा. किती? आवंढा गिळायला लागतो तेवढा वेळ. त्या थांब्यात तो माझ्याकडे बघायचा नाही, मी त्याच्याकडे बघत नसे. आवंढा संपायच्या केसभर आधी मी हसायचो, आणि तंबू फुटायचा. सतरा वर्षं आम्ही हे केलं. शेवटी शेवटी मला वाटतं मी कानानं ऐकतच नव्हतो. तो थांबला की माझं हसू आपोआप सुटायचं, गरम तव्यावरून हात मागं येतो तसं.

तो वारला कवठ्याच्या जत्रेत, रंगमंचावर, चालू नाटकात. कुंदा तेव्हा नऊ वर्षांची होती.

तेवीस वर्षांनी तिचा फोन आला. “काका, पुण्याला या. रविवारी. माझं एक काम आहे, ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.”

असं म्हटलं की मी कुठंही जातो.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी मला स्टेडियमच्या पोटातून बोळाबोळानं घेऊन गेली. तिचं नाव ऋजुता. सगळा कार्यक्रम तिच्या हातातल्या त्या करकरणाऱ्या यंत्रावर चालला होता. दार उघडलं तर समोर कुंदा. केस कापलेले, पायात पांढरे बूट. पण उभं राहणं वामनचं, डावा खांदा जरा खाली सोडून. मी म्हणालो, “काय गं, एवढ्या मोठ्या जागेत बोलणार? माझ्या लग्नात मला सात गावांनी ऐकलं होतं, तेही माइकशिवाय.”

“तुमच्या लग्नाला बाबा होते, काका. ते म्हणायचे भटजींनासुद्धा तुमचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून मंगलाष्टकं दोनदा म्हणावी लागली.”

“वामन थापा मारायचा.”

“हो का!” ती हसली. मग तिनं ऋजुताला बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटलं. “बसा. वेळ कमी आहे. माझी वीस मिनिटं आहेत. त्यातली एकोणीस लोकांनी हसावं. शेवटी मी बाबांच्या मरणाचं सांगणार आहे. तिथं एक मिनिट कुणी हसायला नको. एकही माणूस. एवढंच पाहिजे मला.”

“कशासाठी?”

“आहे काम.”

“बरं. आणि मी काय करू?”

“बाबा सांगायचे, तुम्हाला हशा बसवतासुद्धा यायचा. लोक भलत्या जागी खुसखुसायला लागले की तुम्ही खोकायचात आणि सगळं गप्प व्हायचं.”

“खोकायचो! अगं, मी जयसिंगपुरात खोकलो तर सांगलीच्या पुलावरचा टांगा थांबला होता.”

हे माझं तोंड. तिला काय सांगायला हवं होतं? की पोरी, ते सातशे माणसांच्या तंबूत होतं. इथं सहा हजार आहेत आणि माझी छाती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी टांग्यावरून खाली उतरलोच नाही.

“ओळ काय आहे ती ऐकव,” मी म्हटलं.

तिनं ऐकवली. बाबा पडले, लोक हसले. बाबा उठेनात, लोक आणखी हसले. मग लोकांनी वन्स मोअर दिला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा वन्स मोअर घेतला नाही.

“कुंदे, ही ओळ बदल,” मी म्हणालो.

“का?”

“तिला शेपूट आहे. हशा ते शेपूट धरून वर चढेल.”

“काका, तसंच घडलं. लोकांनी वन्स मोअर दिला, बाबांनी घेतला नाही. यात मी काय बदलू?”

“नुसतं म्हण, ते गेले.”

“ते नुसते गेले नाहीत ना.”

तिनं माझा हात धरला. “तुम्ही समोर बसा. डाव्या हाताला, चौथी रांग. मी मुद्दाम चौथी मागून घेतलीय. कुणी सुरू करतंय असं वाटलं की खोका. कराल ना?”

“तू बोल तर खरी,” मी म्हटलं. “माशीसुद्धा हसणार नाही.”

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ मक्याच्या लाह्यांची बादलीएवढी पुडी मांडीवर घेऊन बसले होते. कुलथे नाव. हडपसरला मोटार शिकवण्याची शाळा. “दिवसभर दुसऱ्याच्या गाडीचे ब्रेक दाबतो हो,” ते म्हणाले, “आठवड्यातून एकदा असं हसलो नाही तर पायात गोळे येतात. तुम्ही एकटेच?”

“नात आहे माझी. आत्ता येईल वर.”

“वर? स्टेजवर? तुमची नात?” त्यांनी बायकोला कोपरानं ढोसलं. “अगं, ऐकलंस का, यांची नात आहे!” बायकोनं मला नमस्कार केला. मी तो घेतला. खोटाच होता, पण फार खोटा नव्हता.

दिवे गेले. काळोखात सहा हजार माणसं एकदम ओरडली. मी खूप गर्दी पाहिलीय, पण आवाज असा पायातून वर चढलेला पहिल्यांदाच अनुभवला. मग मधोमध एक पांढरा झोत पडला आणि त्यात कुंदा आली. माणूस एवढा लहान दिसावा? अंगठ्याच्या नखाएवढी. दोन्ही बाजूंना मोठे पडदे होते, त्यावर मात्र तिचा चेहरा घराएवढा. लोक पडद्याकडे बघत होते. मी नखाकडे.

“नमस्कार पुणे! मला माहितीये तुम्ही माझ्यासाठी आलेला नाहीत. काही हरकत नाही. माझ्या सासूबाईसुद्धा माझ्यासाठी आल्या नव्हत्या, माझ्या नवऱ्याच्या पगारासाठी आल्या होत्या.”

हलकासा हशा. मी सवयीनं मोजला. मागच्या बाजूला पोचला नव्हता.

“मी नाटक कंपनीत वाढले. शाळेत मास्तरांनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, रोज रात्री दारू पिऊन पडतात. मास्तर म्हणाले, अरेरे! मी म्हटलं, नाही सर, लोक टाळ्या वाजवतात.”

आता पोचला. कुलथ्यांच्या लाह्या माझ्या मांडीवर सांडल्या. “भारी आहे हो तुमची नात!”

“आमच्या घरी बाबा पडले की चूल पेटायची. जितक्या जोरात पडायचे तितकी भाकरी जाड. एकदा त्यांना ताप होता, हळूच पडले. त्या दिवशी आम्ही पापड खाल्ला.”

काय सांगू तुम्हाला. प्रत्येक ओळीनंतर पोरगी थांबत होती. तेवढीच. आवंढा गिळायला लागतो तेवढीच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वामन गेला तेव्हा ती नऊ वर्षांची, आणि तिची आई तिला नाटकाच्या जवळपास फिरकू देत नव्हती. तरी रक्तातून कसं उतरलं होतं बघा. आणि मी? प्रत्येक थांब्याला मी हसत होतो. तेवीस वर्षांनी माझा आवाज मला परत मिळाला होता. मी हसलो की कुलथे हसत, कुलथे हसले की त्यांची बायको, मग पुढची रांग. मला वाटलं वामन वर उभा आहे. खरं सांगतो, इतका सुखी मी त्याआधी कित्येक वर्षांत नव्हतो. आणि तिथंच घात झाला.

“मी नऊ वर्षांची होते,” कुंदा म्हणाली.

आवाज बदलला होता. मी खुर्चीत पुढं सरकलो. खोकल्यासाठी छातीत हवा भरून घेतली.

“कवठ्याची जत्रा. मी विंगेत उभी होते. बाबा रोजच्यासारखे आले, झोकांड्या खात. खुर्चीजवळ थांबले. छातीवर हात ठेवला. हे नाटकात नव्हतं. आणि पडले.”

कुठंतरी मागं कुणीतरी खुसखुसलं. मी खोकणार होतो, पण ते आपणहून विझलं. लोक ऐकत होते. कुलथ्यांचा हात लाह्यांच्या पुडीत तसाच राहिला होता. सहा हजार माणसं, आणि वरच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. होईल, मला वाटलं. पोरीला जमलं. माझी काही गरजच नाही.

“लोक हसले. बाबा उठेनात. लोक आणखी हसले. लोकांना वाटलं, आज काय पडलाय गडी! मग कुणीतरी ओरडलं, वन्स मोअर! मग सगळा तंबू. वन्स मोअर, वन्स मोअर! आणि माझ्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा... वन्स मोअर घेतला नाही.”

आणि ती थांबली.

आवंढ्याएवढी.

आणि माझ्या तोंडून हसू सुटलं.

मी हसलो नाही, हे कसं समजावू? माझ्या छातीत खोकल्यासाठी भरलेली हवा होती आणि ती भलत्याच दारानं बाहेर पडली. स्वच्छ, मोकळं, चौथ्या रांगेतलं हसू, जसं सतरा वर्षं सुटत होतं. एकटं. केसभर वेळ ते त्या प्रचंड जागेत एकटं होतं. मग कुलथ्यांच्या नाकातून आवाज आला. मग त्यांची बायको, मग पुढची रांग, डावी बाजू, वरचे सज्जे. लोकांना कळत नव्हतं की इथं हसायचं की नाही, आणि मी त्यांना परवानगी दिली होती. लोट यावा तसा हशा आला. मी खोकलो. जीव तोडून खोकलो. डोळ्यांतून पाणी आलं.

“बापरे, आजोबांना हसून हसून ठसका लागला!” कुलथे माझ्या पाठीवर थापट्या मारत ओरडले, आणि त्यांना आणखी हसू आलं.

वरच्या सज्ज्यातून एक पोरगा किंचाळला, “वन्स मोअर!”

मग सगळीकडून. सहा हजार माणसं. वन्स मोअर, वन्स मोअर, ताल धरून, पायांनी लाकूड बडवत. पडद्यावर कुंदाचा घराएवढा चेहरा होता. त्यावर काही नव्हतं. खाली ती नखाएवढी कुंदा एक मिनिट उभी राहिली. तिनं मागितलेलं मिनिट तिनं पुरतं घेतलं, फक्त त्यात शांतता नव्हती. मग वाकून नमस्कार केला आणि झोत गेला.

आत पोचलो तेव्हा ऋजुता नाचायचीच बाकी होती. “मॅम, शेवटच्या जागेला काय हशा आला! सर स्वतःच्या एंट्रीआधी विंगेतून बघत होते. म्हणाले, टूरच्या बाराही शोंची सुरुवात हिलाच द्या, पण शेवट हाच पाहिजे, असाच. एक अक्षर बदलायचं नाही.”

“बरं,” कुंदा म्हणाली.

त्या ‘बरं’चं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. बारा गावांत तिनं ती जागा केली, बाराही ठिकाणी तिथं हशा आला. त्यानंतर लोकांनी ती फोनवर पाहिली. आमच्या गल्लीतला न्हावी मला ती कौतुकानं दाखवतो, दाढीचा फेस तोंडावर असताना, म्हणजे मला उठताही येत नाही. वामन तिवरेकर अजून रोज कुठंतरी मरतो आणि रोज कुठंतरी लोक हसतात.

ऋजुता गेली. कुंदा आरशासमोर बसली आणि कमरेचं माइकचं यंत्र सोडवायला लागली. तिच्या बोटांना ते सुटेना. मी दाराशी उभा. भिंतीपलीकडून आता त्या मोठ्या माणसाचा कार्यक्रम सुरू झाला होता. दर थोड्या वेळानं भिंत हसायची.

“काका, एक सांगू? हे आईलाही कधी सांगितलं नाही.”

“सांग.”

“त्या दिवशी बाबा पडले तेव्हा मी हसले. विंगेतून. मोठ्यानं. मला वाटलं, बाबांनी नवीन काहीतरी काढलंय.” ती आरशातच बघत होती. “मी हसले आणि मग लोक हसले. मी पहिली. दुसऱ्या रांगेत डॉक्टर बसले होते, जत्रेच्या दवाखान्यातले. तेही हसत होते. नंतर ते आईला म्हणाले, दोन मिनिटं आधी वर आलो असतो तर बरं झालं असतं. आईला वाटलं ते असंच म्हणतायत. मला कळलं ती दोन मिनिटं कुठं गेली ते.”

मी दार आतून नीट लोटलं.

“म्हणून म्हटलं, आपणच एकदा ते सांगावं, भरल्या जागेत. आणि लोकांनी गप्प बसावं. बाबांची मिनिटं माझ्यामुळे गेली, ती मीच परत द्यावीत. दोन नाही, निदान एक.” यंत्र सुटलं. तिनं ते टेबलावर ठेवलं. “नाही जमलं. हसण्यासारखंच आहे ते बहुतेक.”

“कुंदे,” मी म्हटलं, “पहिली तू नव्हतीस. पहिला मी होतो.”

तिनं मान वर केली.

“चौथ्या रांगेत, मधल्या खांबाजवळ. वामन खुर्चीशी थांबला. छातीवर हात ठेवला ते मी पाहिलंसुद्धा. पण तो थांबला गं, नेहमीएवढाच थांबला. आणि माझं सुटलं. तू माझ्यानंतर हसलीस. तू विंगेत होतीस, शेजारी जनरेटर धडधडत होता. तुझं एवढंसं हसू पहिल्या रांगेला तरी ऐकू आलं असतं का? विचार कर. तंबू माझ्या हसण्यानं फुटला. ते माझं कामच होतं. ती दोन मिनिटं मी खाल्ली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं. ते रूप मी ओळखत होतो. माझी गोष्ट छान जमली की ऐकणाऱ्याच्या तोंडावर तेच येतं.

“काका,” ती म्हणाली, “मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला सांगितलं होतंत, की बाबा पडले तेव्हा सगळे लोक हात जोडून उभे राहिले. आठवतं? चिमण्यासुद्धा तंबूवर येऊन बसल्या म्हणाला होतात. जत्रेतल्या रात्रीच्या खेळाला चिमण्या. मी तेव्हाही काही बोलले नव्हते. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सांगताय हे कळत होतं.”

“ते खोटं होतं. हे खरं आहे.”

“हो.”

“शपथ घेतो. वामनची शपथ.”

“नका घेऊ.”

“अगं, आज पण मीच हसलो! आत्ता! तू थांबलीस, वामनसारखी थांबलीस, आणि माझं सुटलं. तिथूनच सगळं सुरू झालं.”

ती खरंच हसली, तोंडावर हात ठेवून. डोळे भरले होते. “सहा हजार माणसं, काका. तुम्ही एकट्यानं उचललीत?”

“पहिला घास...”

“मला वरून तुमची रांगसुद्धा दिसत नव्हती. तुम्ही खोकलात तरी ऐकू येणार नाही, हे मला आधीच माहीत होतं. तुम्ही समोर कुठंतरी असावं एवढंच वाटत होतं. आलात, पुष्कळ झालं.” ती उठली आणि माझ्या सदऱ्यावर चिकटलेल्या लाह्या एकेक करून काढायला लागली. “आता उगीच ते अंगावर घेऊ नका. माझं मला राहू द्या.”

साक्षीदार कोण आणू? पेटीवाला गेला, मालक गेले, खुर्ची मांडणारासुद्धा गेला. कवठ्याचा तो डॉक्टर जिवंत असला तरी पहिलं कोण हसलं हे त्याला काय ठाऊक? उरलो मी एकटा, आणि माझ्या शब्दावर मिरजेत कुणी सुपारीचं खांड उधार देत नाही.

“थांब,” मी म्हटलं. “ऐक तू. मी ते हसून दाखवतो. ऐकलंस की तुला ओळखू येईल. विंगेतून तू रोज ऐकलेलं आहेस ते.”

मी भिंतीला पाठ लावली. तोंड उघडलं. वामन डोळ्यांपुढं आणला, खुर्चीशी आणला, थांबवला. आवंढा गिळला. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. घशातून फाटक्या भात्यासारखी नुसती हवा आली. भिंतीपलीकडं सहा हजार माणसं पोट धरधरून हसली आणि मला त्यातलं चिमूटभर मिळेना. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा कुंदानं माझ्या दंडाला धरून मला खुर्चीत बसवलं आणि पाण्याची बाटली उघडून हातात दिली.

“राहू द्या, काका,” ती म्हणाली. “बस कितीची आहे तुमची?”

“साडेसहाची,” मी म्हटलं.

तेवढं तिला खरं वाटलं. ती माझ्यासाठी रिक्षा बघायला बाहेर गेली.